ब्रेकबाईंच्या गाडीचे मागचे दिवे

गाडी शिकवणाऱ्या माणसाचं एक असतं. त्याच्याकडे शिकलेलं माणूस परत येत नाही. शिंप्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं, न्हाव्याकडे तर महिन्याला येतं, शाळेतल्या मास्तरालाही जुनी पोरं बाजारात हाका मारतात. पण एकदा लायसन हातात पडलं की शिकवणाऱ्याची गरज संपली. ती संपावी म्हणूनच तर शिकवायचं. ब्रेकबाईंनी तीसेक वर्षं अख्ख्या गावाला गाडी शिकवली, आणि आता ते गाव त्यांच्या शेजारून भुर्रकन निघून जाई. कुणी ओळखीचा हॉर्न वाजवी. बाई मान हलवत. तोवर तो पुढच्या वळणावर असे.

ब्रेकबाई हे नाव विद्यार्थ्यांनीच पाडलेलं. शिकवणीच्या गाडीत बाईंच्या बाजूलाही एक ब्रेक होता. "गाडी तू चालव, थांबवायचं मी बघते," असं म्हणून त्या शेजारी बसत आणि पाय त्या पेडलवर तरंगत ठेवत. शिकवण्यात कडक. क्लचला माफी होती, गिअरला होती, ब्रेकला नव्हती. "शेजारच्याला कळला तर तो ब्रेक नव्हे, तो धक्का! मांडीवरचं झोपलेलं पोर उठता कामा नये." त्यांचा स्वतःचा पाय असा की गाडी कधी थांबली हे बाहेरचं झाड हलायचं बंद झाल्यावरच कळे. एवढी एकच गोष्ट त्या मिरवत. बाकी मिरवण्यासारखं घरात काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, मोरीत पालथा घातलेला एकच कप.

या धंद्याने बाईंना एक खोड लावली होती. समोर बसून त्यांना बोलता येत नसे. जन्मभर त्या शेजारी बसून, समोरच्या रस्त्याकडे बघत बोलल्या. कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटे. बँकेत, दवाखान्यात, शेजाऱ्यांच्या दारात त्या दोन वाक्यांत काम उरकून निघत. लोक म्हणत, बाई तुसड्या आहेत. त्या तुसड्या नव्हत्या. फक्त मधे रस्ता नसला की त्यांना सुचत नसे.

त्यांच्याशी शेजारी बसून बोलणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. बाई तिला ताई म्हणत आणि घाबरत. ताईला मूल नव्हतं. ताईच्या यजमानांना, म्हणजे बाईंच्या भाऊजींना, एकच नाद होता, तो म्हणजे त्यांची दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, आणि इतकी बुटकी की बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. ताई तिला सवत म्हणे. भाऊजी गेले, ताईचे गुडघे गेले, भाड्याचं घर गेलं. ताई घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात राहायला गेली आणि जाताना किल्ली बाईंच्या हातात ठेवून म्हणाली, "सवत तू सांभाळ. मला तिचं तोंड बघायला आण मात्र."

म्हणून दर गुरुवारी दुपारी बाई घाट उतरून जात. ताई दारात बूट घालून बसलेली असे. तिला गाडीत घालायचं, म्हणजे खरोखरच घालायचं, पोत्यासारखं, आणि धरणाच्या रस्त्याने जाऊन यायचं. दोघी समोर बघत बोलायच्या. आश्रमाच्या हॉलमध्ये ताई तोंड उघडत नसे. "भिंतीला कान असतात म्हणतात," ती म्हणे, "इथे खुर्च्यांनासुद्धा आहेत." गाडीत मात्र तिची गिरणी सुरू होई. अमकीने माझी उशी पळवली, तमकी घोरते, स्वयंपाकीण मीठ घालताना बहुतेक डोळे मिटते. मग मधेच, त्याच सुरात, "काल रात्री हे स्वप्नात आले, पण बोलले नाहीत." बाई "हं" म्हणत. आठवड्यातला त्यांचा तेवढाच संवाद.

तर झालं असं की एका गुरुवारी, परत येताना, आश्रमाच्या अलीकडच्या वळणावर बाईंनी गाडी हळू केली आणि मागून भाजीचा टेंपो येऊन आदळला. त्याआधीही एकदा एक स्कूटरवाली पोरगी अशीच येऊन धडकली होती. तेव्हा बाईंनी तिला रस्त्यातच अंतर ठेवण्यावर व्याख्यान दिलं होतं. या वेळी मात्र शेजारी ताई होती. बंपर लोंबकळला ते लोंबकळलाच, पण ताईची मान लचकली. तिच्या गळ्याभोवती पांढरा पट्टा आला.

"अंतर ठेवायला काय झालं?" बाई टेंपोवाल्यावर ओरडल्या.

"अंतर ठेवायला गाडी थांबतेय हे कळायला नको? तुमचे ते दिवे बघा! कोटाची बटणं बरी."

आश्रमाच्या मॅनेजरबाई तरुण होत्या, पण जबाबदारीची जाणीव पक्की. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, दोरीने बांधलेल्या बंपरकडे बघितलं आणि सांगून टाकलं, "बाई, या गाडीत आता आजींना बसवायचं नाही. मागचे दिवे नीट दिसतात हे मला दाखवा. मी स्वतः मागे उभी राहून बघेन. मग खुशाल न्या."

"मग टॅक्सीने..." बाई म्हणायला गेल्या.

"टॅक्सीत ड्रायव्हर नावाचा परका माणूस असतो," पट्ट्यातून ताई बोलली. "आणि मी सवतीतूनच जाईन."

तेव्हा दिवे सुधारणं भाग होतं.

गल्लीच्या तोंडाशी वायरिंगवाल्याचं दुकान होतं. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने गाडी बघितली आणि हात चोळले. "बाई, तुम्ही मला दोनदा परीक्षेला पाठवलंच नाहीत. हात कच्चा आहे म्हणालात. आज तुमची गाडी माझ्याकडे परीक्षेला आली."

"जास्त बोलू नको. तेव्हा तू गाडी थांबवायचास की पाडायचास?"

"तेव्हाही दाणकन दाबायचो, आताही दाणकन दाबतो. बायको रोज शिव्या घालते."

त्याने दिव्यांच्या लाल काचा काढल्या. आतला चकचकीत पत्रा काळवंडला होता. उजेड परतवायचं त्याचं काम त्याने केव्हाच सोडलं होतं. बाईंनी तो स्वतः घरी नेला, घासला, त्यावर चांदीरंग मारला. मग बल्ब काढून एलईडी बसवले. आधी पांढरे, कारण वायरिंगवाल्याच्या मते पांढऱ्याला उजेड जास्त. लाल काचेतून ते सरबतासारखे पातळ गुलाबी दिसू लागले.

"हे काय, लग्नाचा मांडव आहे का?" बाई म्हणाल्या.

"चुकलं. लाल काचेमागे लालच हवा." त्याने लाल आणले. ते झणझणीत लागले. वर मागच्या काचेच्या आतून, उंचावर, एक तिसरी लाल पट्टी बसवली, म्हणजे ट्रकवाल्यालाही वरून दिसेल. अर्थिंगच्या वायरी नव्या घातल्या. शेवटी तो मागे उभा राहिला.

"दाबा, बाई!"

बाईंनी दाबला.

"दाबा हो!"

"दाबलाय की."

"नीट दाबा, चाचणी आहे ही!"

बाईंनी दाणकन दाबला.

"आहाहा! अख्ख्या गल्लीला दिसतंय. आंधळासुद्धा थांबेल!"

गुरुवारी बाई ऐटीत घाट उतरू लागल्या. त्यांच्या शिकवणीप्रमाणे गिअर खालचा, इंजिनच गाडीला धरून ठेवतंय, आणि वळण आलं की पेडलला नुसता पाय लावायचा. मागे दुधाचा टँकर होता. तो प्रत्येक वळणावर हॉर्न मारत होता. बाई आरशात बघून पुटपुटल्या, "उतावळा!" शेवटी टँकरचं तोंड इतकं जवळ आलं की आरशात फक्त जाळीच दिसू लागली. वळणावरच्या चहाच्या दुकानापाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि त्या कशाबशा बाहेर आल्या. टँकरही थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारून आला. मिशा पांढऱ्या, तोंड लाल.

"मावशी, मरायचंय का? थांबायचं असेल तर सांगायचं तरी!"

"सांगतेच आहे. नवे दिवे बसवलेत, एक सोडून तीन. डोळे तपासून घ्या."

"कुठले दिवे? घाट लागल्यापासून तुमच्या मागे आहे मी. एकदा लागले असतील तर शपथ!"

"चोराच्या उलट्या बोंबा! थांबा, दाखवते." बाई पुन्हा विहिरीत उतरल्या आणि दाणकन पेडल दाबला. "दिसले?"

टँकरवाल्याने मागे जाऊन बघितलं. चहावालाही ओट्यावरून बघत होता. "दिसले," टँकरवाला म्हणाला. "चांगले भक्क दिसले." त्याने मिशीवरून हात फिरवला. तो तसा निवला होता, पण हटला नव्हता. "मावशी, असं नाही. आत्ता वळणावर दाबत होता, तसं दाबा."

बाईंनी तसा दाबला.

"दाबला?"

"दाबला."

"काही नाही." तो वाकला. "अजून थोडा. नाही. अजून... नाही. आता लागले! आता तर तुम्ही पेडलवर उभ्याच राहिलात की."

बाई स्टिअरिंगला धरून बसून राहिल्या. झोपलेलं पोर उठू नये असा तो ब्रेक, त्याची बातमी दिव्यापर्यंत पोचतच नव्हती. गाडी थांबत होती आणि मागच्याला कुणी सांगत नव्हतं. स्कूटरवाल्या पोरीला केलेला उपदेश त्यांना आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"अहो, होतं असं," टँकरवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम घरगुती झाला होता. "हे म्हणजे मुक्याने हाक मारल्यासारखं झालं. चला, मी मागे राहतो, चारी दिवे लुकलुकत ठेवतो. घाट उतरेपर्यंत कुणी तुमच्या अंगावर येणार नाही. मग तुम्ही तुमच्या, मी माझ्या वाटेला."

तो तसा आला. सबंध घाटभर आरशात त्याचे पिवळे दिवे लुकलुकत होते. बाईंनी कितीतरी दिवसांनी आरसा असा पुनःपुन्हा बघितला. खाली फाट्यावर त्याने एक लांब हॉर्न दिला आणि वळला. आरसा रिकामा झाला. हात दाखवायचं राहूनच गेलं, हे पुढे कितीतरी वेळाने बाईंच्या लक्षात आलं.

आश्रमाच्या दारात ताई बसली होती. गळ्यातला पट्टा निघालेला, बूट घातलेले, मांडीवर पर्स. मॅनेजरबाई गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, दाबा बाई."

एक दाणकन पाय, की काम फत्ते. मॅनेजरबाई खूश, ताई गाडीत, धरणाचा रस्ता. बाईंना तो पाय टाकता आला असता. पेडलही तोच होता आणि पायही त्यांचाच. समोर दारातून ताई बोटं नाचवून "लवकर" म्हणत होती.

बाईंनी घाटात दाबला तसा दाबला.

"लागले नाहीत हो."

"नाही लागत."

"जोरात दाबून बघा की."

"जोरात दाबलं की लागतात. मी जोरात दाबत नाही."

मॅनेजरबाई पुढे आल्या आणि खिडकीशी वाकल्या. "मग चालवताना जोरात दाबायचं, त्यात काय?"

"आज ठरवून दाबेन. पण ऐन वेळी पाय ठरवलेलं ऐकत नाही, सवयीचं ऐकतो. तिची मान आत्ताच बरी झालीय."

मॅनेजरबाई खिडकीपासून सरळ झाल्या. "मग आज नाही," त्या हलकेच म्हणाल्या.

ताईला हे कळलं तेव्हा तिने पर्स खाली आदळली. "एवढं खरं बोलायची हौस होती तर वकिलीण व्हायचंस! काय बिघडलं असतं एक दिवस जोरात पाय दिला असता तर?"

"ताई, हॉलमध्ये बसू ना."

"बस तूच."

तरी दोघी बसल्या. समोरासमोर, कारण खुर्च्या तशाच मांडलेल्या. ताई एकदा पुढे वाकून म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं," तोच शेजारच्या आजींनी आपली खुर्ची खरडत जवळ ओढली. ताईने ओठ मिटले आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, बटाटे नीट उकडत नाहीत याबद्दल ती बोलत राहिली. बाई तिच्या पर्सच्या बंदाकडे बघत होत्या. वर बघायला जमलं नाही. लवकरच निघाल्या. परतीचा घाट त्यांनी प्रत्येक वळणावर पेडलवर पाय आपटत चढला. आणि तरी दोनदा पाय हळूच पडला.

वायरिंगवाल्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! बाई, या जुन्या गाड्यांत दिव्याचा स्विच ब्रेकच्या तेलाच्या नळीत असतो. तेलाचा दाब वाढला की तो लागतो. म्हातारा झाला की त्याला ढकलायला जास्त दाब लागतो. आणि आपण तपासताना नेहमी दाणकन दाबणार, मग तो लागणारच. दिव्यांचा काही दोषच नव्हता."

"मग एवढे लाल, गुलाबी, पट्ट्या कशाला केल्यास?"

"तुम्ही म्हणालात दिसत नाही, मी म्हटलं दिसू द्या."

त्याने नळीतला स्विच तसाच सोडला आणि पेडलच्या मानेशी एक छोटा नवा बसवला. फ्रिजच्या दारात असतो तसला, पेडल जरा हलला की दिवा लागलाच. पत्र्याची पट्टी वाकवून त्याने तो बरोबर बेतला, मागे गेला, आणि ओरडला, "बाई, पाय काढा!"

"काढलाय."

"काढला नाही. दिवा चालूच आहे."

"अरे काढलाय म्हणते ना!" म्हणत बाईंनी खाली बघितलं. पाय पेडलवर होता. तरंगत. त्यांना कळलंही नव्हतं. तीसेक वर्षं शिकवणीच्या गाडीत, दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत तो तसाच तरंगत आला होता.

"जित्याची खोड," वायरिंगवाला म्हणाला, पण पुढचं बोलला नाही. "पाय खाली ठेवा, बाई. जमिनीवर. आता शेजारी कुणी शिकत नाहीये."

तो सबंध आठवडा ब्रेकबाई संध्याकाळी गल्लीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर पाय जमिनीवर ठेवायला शिकत होत्या. एखादी भिंत मागे आली की आरशातून तिच्यावर लाल उजेड पडलाय का ते बघायचं. विझला, की पाय बरोबर.

पुढच्या गुरुवारी मॅनेजरबाई मागे उभ्या राहिल्या. बाईंनी पेडलला नुसता पाय लावला. "लागले!" पाय उचलला. "विझले!" पुन्हा लावला. वॉचमननेही मान डोलावली. ताईला पोत्यासारखं आत घातलं. तिने दार ओढून घेतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "चल."

धरणाच्या रस्त्याला ऊन कलतं होतं. मागून येणारी एक मोटार बाईंनी वेग कमी करताच लांबूनच मंदावली. बाईंनी ते आरशात बघितलं. ताईला सांगावंसं वाटलं. पण ताई आज उशी, घोरणं, मीठ, काहीच बोलत नव्हती.

"मागच्या गुरुवारचा राग आहे का अजून?" बाईंनी विचारलं.

"राग नाही ग." ताई समोर बघत होती. "मागच्याच गुरुवारी सांगायचं होतं. त्या खुर्च्यांमध्ये कसं सांगू? ह्यांचा पुतण्या आहे ना, तो न्यायला येतोय. त्याच्या घराजवळ आश्रम आहे, खाली डॉक्टर, वर जायला लिफ्ट. मी हो म्हटलंय."

रस्ता सरळ होता. बाईंनी गाडी सरळच चालवली.

"कधी?"

"सोमवारी."

"किती लांब आहे ते?"

"रात्रभर रेल्वे. सवत काही तिथवर येणार नाही."

बाईंनी गाडी धरणाच्या कठड्याशी बाजूला घेतली. एक मोटार गेली, दुसरी गेली. मागचा गुरुवार हातात होता आणि त्यांनी तो आपणहून परत दिला होता. ताई तसं म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं, असं बाईंना वाटलं.

"माझ्याकडे आणलं असतं तुला," त्या म्हणाल्या. "पण तिसरा मजला..."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग झालं." ताईने रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा पर्समध्ये कोंबला. "तुझं काय होणार, हे मात्र रोज विचारते. स्वतःलाच. तू बोलणार कुणाशी?"

बाईंनी मनातल्या मनात माणसं मोजली. शेजाऱ्यांना आठवलं, वायरिंगवाल्याला आठवलं. त्या टँकरवाल्याचं तर नावही विचारलं नव्हतं.

"बघेन," त्या म्हणाल्या.

"बघशील कसली! रस्त्याकडे बघशील." ताई हसली आणि तिचा हात बाईंच्या गिअरवरच्या हातावर येऊन पडला. बोटं थंड होती. "रेल्वेने ये. माझ्या खोलीच्या खिडकीशी शेजारी-शेजारी बसू. तिथे बाहेर बागेत बाक आहे म्हणे, रस्त्याकडे तोंड करून. मी आधी तेच विचारून घेतलं."

"खरंच?"

"मग काय खोटं? ते विचारल्याशिवाय हो म्हटलं असतं का मी?"

मॅनेजरबाईंनी दिलेली वेळ संपत आली होती. बाईंनी गाडी वळवली. परतीचा सगळा रस्ता ताईने बडबड केली. उशी सापडली होती, चोरणारीणही सापडली होती, स्वयंपाकीण आता मीठ दोनदा घालत होती. बाई "हं" म्हणत होत्या, आणि एका "हं"मध्ये आवाज फाटला तेव्हा ताईने ऐकलंच नाही असं केलं.

फाटकाशी वॉचमन दोन्ही दारं उघडून उभा होता. बाईंनी गाडी थांबवली.

"उतरवू?"

"त्याला उभं राहू दे जरा," ताई म्हणाली.

इंजिन चालू होतं. बाईंचा पाय पेडलवर होता, आता तरंगत नव्हता, दाबलेला होता. मागे तिन्ही दिवे लागलेले होते, लखलखीत, फर्लांगभरावरून दिसतील असे. मागच्या रस्त्यावर कुणीही येत नव्हतं.